दुसऱ्या बाजूचा रुपराव

नत्थूजी ढोमणे रेल्वेच्या तारघरात बत्तीस वर्षं होते, आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांनी एकच गर्व बाळगला. तारेवर पलीकडून कोण बोलतंय हे ते नाव न विचारता ओळखत. वर्ध्याचा माणूस लांब ठोक्याची रेघ जरा जास्तच ओढायचा, आमल्याचा घाईत असला की आखूड ठोक्याचा बिंदू गिळायचा, आणि बल्लारशाच्या एकाचा हात तर सर्दी झाली की बदलायचा, असं ते सांगत. "माणसाचा हात ओळखता येते. तोंड पाहायची गरज नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

मुलाला, रुपरावला, त्यांनी स्वतः शिकवलं. घरी पाटावर तारयंत्राचं जुनं बटण ठोकून बसवलं होतं. पोरगा हुशार होता, पण तारेच्या परीक्षेत नापास झाला आणि दुसऱ्यांदाही झाला. तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर, चार माणसांदेखत, नत्थूजी म्हणाले होते, "तुह्या हातात दोष आहे. तुले हे जमणार नाही." पुढच्याच वर्षी रुपराव एका मित्राच्या ओळखीनं विलायतेला गेला. आधी लोकरीच्या गिरणीत होता, मग लंडनला मोठमोठी वाद्यं भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात लागला. वाद्यं गाडीत चढवायची, उतरवायची, एवढंच काम. पत्रं यायची ती आईच्या, म्हणजे रुख्मिणीबाईंच्या नावानं. त्यात शेवटी बाबांना नमस्कार असायचा.

नत्थूजी निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, बहात्तरच्या डिसेंबरात, एक चपटं पार्सल आलं ते मात्र थेट त्यांच्या नावानं. आत मोठी तबकडी होती. वेष्टनावर हिरव्या शेतात आंघोळीचं एक टब, त्या टबात बसलेला म्हातारा कोंबडा, आणि वर इंग्रजी नाव: 'वेदर फॉर इलेव्हन ट्युबाज', म्हणजे अकरा कर्ण्यांसाठी हवामान. सोबत चिठ्ठी होती.

'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. ही रेकॉर्ड इकडच्या एका माणसानं केली आहे. जॅझ आहे, विजेची गिटार आहे आणि पासष्ट माणसांचा ऑर्केस्ट्राही आहे. आम्ही सामान घेऊन गेलो होतो. त्यांचा एक वाजवणारा तापानं आला नाही, तेव्हा त्यांनी मला उभं केलं. मी यात एकदाच वाजवलं आहे. तुम्ही हात ओळखता. ओळखा.'

काय वाजवलं, कुठं वाजवलं, काही नाही. रुख्मिणीबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "तब्येतीचं काहीच नाही लिवलं." नत्थूजींनी टोपी घातली आणि तबकडी काखेत मारून भैयाजीच्या दुकानाकडे निघाले.

भैयाजी लग्नाकार्याला लाऊडस्पीकर द्यायचा. बडकस चौकाच्या अलीकडच्या गल्लीत त्याचं दुकान होतं, आणि साऱ्या गल्लीत तबकडीचं चांगलं यंत्र त्याच्याचकडे होतं. त्यानं कोंबडा पाहिला, तबकडी पुसली आणि सुई ठेवली.

सुरुवातीला चाळीसेक व्हायोलिनं एकमेकांना काहीतरी विचारत होती आणि कोणी कोणाला उत्तर देत नव्हतं. मग जिन्यावरून लोखंडी ट्रंक सुटावी तसे ड्रम आले. त्यांच्या अंगावर गिटार ओरडली. कर्णे एकदम फुंकले गेले, आणि सगळं गप्प झालं. त्या शांततेत एक बासरी एकटीच वाजत राहिली, फार गोड, जणू बाकीचे थांबल्याचं तिला कोणी कळवलंच नव्हतं.

भैयाजीनं सुई उचलली. "नत्थूजी, हे सुरू होऊन राहिलं का संपून राहिलं?"

"मले का माहीत. वाजव."

"याची चाल चुकली असन." भैयाजीनं यंत्राच्या चारही गती लावून पाहिल्या. अठ्ठ्याहत्तरवर चिमण्या भांडल्या, पंचेचाळीसवर बँडवाले पळत सुटले, सोळावर म्हैस हंबरली. शेवटी तेहेतीसच बरी यावर दोघांचं एकमत झालं, कारण तेहेतीसवर निदान बासरी बासरीसारखी वाटत होती.

त्या दिवसापासून नत्थूजी रोज दुपारी जेवून भैयाजीच्या दुकानात जाऊन बसू लागले. हातात वही. ठोकल्यासारखा, आपटल्यासारखा, घासल्यासारखा जो आवाज येईल तो ते लिहून घेत: 'बाजू पहिली, तिसरं मिनिट, ताट पडल्यासारखं.' 'बाजू दुसरी, सातवं मिनिट, कोणी शिंकलं असावं.' पहिल्या आठवड्यात असे सत्तेचाळीस आवाज झाले. गाणं असेल तर एखाद्यानं वाजवलेलं वेगळं काढता येतं, पण इथे पासष्ट माणसं पासष्ट दिशांना निघालेली.

दुकान रस्त्यावर, त्यामुळे गल्लीला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आधी लोकांनी तक्रार केली. पण ढोमण्यांचा रुपराव त्यात कुठंतरी आहे हे कळल्यावर तक्रार करणारेच येऊन बाकावर बसू लागले. रुपरावला सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेला, तेव्हा तो आपल्याला ओळखू येणारच, अशी प्रत्येकाची खात्री. दोन पक्ष पडले. पहिल्या बाजूच्या शेवटी प्रचंड झांजा आपटतात, तोच रुपराव, असं एका पक्षाचं म्हणणं. पोरगा लहानपणापासून दणकट. दुसरा पक्ष म्हणायचा, रुपराव लाजाळू, तो शिंकेसारखा आवाज त्याचा असणार.

मुलींच्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या शोभाताई रोज त्याच रस्त्यानं घरी जात. एक दिवस त्या थांबल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबल्या. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाल्या, "भैयाजी, हा ताल साडेअकरा मात्रांचा आहे."

"अर्धी मात्रा कोठी ठेवली त्यायनं?"

"तेच शोधतेय," शोभाताई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. त्यानंतर त्यांची जागा ठरलीच.

पुढं फेब्रुवारीत एक गोष्ट घडली. गल्लीतल्याच एका घरी मुलीचं लग्न होतं, लाऊडस्पीकर भैयाजीचा. दुपारची पहिली पंगत बसली ती उठेचना. वरपक्षाची म्हातारी मंडळी हात वाळेपर्यंत गप्पा मारत बसली होती आणि दुसऱ्या पंगतीचे लोक त्यांच्या पाठीमागे रांगेत उपाशी उभे होते. मुलीच्या बापाला काही बोलता येत नव्हतं. तेवढ्यात सनईच्या तबकडीची सुई अडकली. भैयाजीनं ती काढली आणि हाताला लागली ती कोंबड्याची लावली. व्हायोलिनांनी विचारायला सुरुवात केली. ट्रंक जिन्यावरून सुटली. चौथ्या मिनिटाला वरपक्षाचे सगळ्यात वडीलधारे आजोबा हात धुऊन बाहेर खुर्चीवर बसलेले होते, आणि कोणाचाही अपमान झालेला नव्हता.

महिनाभरात भैयाजीला बोलावणी येऊ लागली. लोक त्याला नावानं विचारत: "पंगत उठवायची रेकॉर्ड आहे ना तुमच्यापाशी?" इतवारी झाली, सक्करदरा झालं, कळमेश्वरहून एक जण सायकलवर आला.

नत्थूजींना हे आवडलं नाही. "माह्या पोरानं वाजवलं ते लोकायले हाकलून लावाले नाही."

"हाकलून नाही, नत्थूजी, उठवून. सन्मानानं उठवते ते." भैयाजी समजावू लागला. "आन तुमाले बी बरं. भोंग्यातून ऐकान. दुकानातल्या डब्यात का समजते."

भोंग्यातून ऐकायला मिळेल, या एका मुद्द्यावर नत्थूजी नमले. अट एकच: तबकडी जाईल तिथं आपण जाणार. आणि मग त्या लग्नसराईत नागपुरात अनोळखी लोकांच्या मांडवात एक टोपीवाले गृहस्थ यंत्राशेजारी वही घेऊन बसलेले दिसू लागले. मुलीकडचे त्यांना मुलाकडचे समजत, मुलाकडचे मुलीकडचे. दोन्हीकडून त्यांना आग्रहानं बुंदी वाढली जाई. रुख्मिणीबाई म्हणायच्या, "पोराले शोधता शोधता तुमचं पोट सुटून राहिलं."

एप्रिलात सक्करदऱ्याच्या एका लग्नात ते जेवून उठले. हात धुवायचं पाणी मांडवात संपलेलं, म्हणून यजमानांनी त्यांना चार घरं सोडून एका विहिरीवर पाठवलं. तिथं ते बादलीतून पाणी घेत होते आणि दुरून भोंगा ऐकू येत होता. एवढ्या अंतरावर व्हायोलिनं विरून गेली होती, गिटार म्हणजे नुसती माशी. जे काही धातूचं आणि जड होतं तेवढंच पोचत होतं. दुसरी बाजू, अकरावं मिनिट. कर्णे थांबले. आणि त्यांना ऐकू आलं: एक अगदी हलका स्पर्श, मग क्षणभर काही नाही, मग टोल. ट... टंग.

नत्थूजींच्या हातातलं पाणी सांडून गेलं.

पाटावर ठोकलेल्या बटणावर रुपराव हेच करायचा. रेघ काढण्याआधी बटणाला हळूच बोट लावून पाहायचा, मग दाबायचा. त्या लावून पाहण्याचा एक जास्तीचा बिंदू तारेवर जायचा आणि सगळा मजकूर बिघडायचा. याच बिंदूपायी तो दोनदा नापास झाला होता. त्यांनी शंभर वेळा सांगितलं होतं, पट्टीनं मारलंही होतं. ते ओल्या हातांनी मांडवात परत आले आणि भैयाजीला पुन्हा एकदा तबकडी लावायला सांगितली. तिसरी पंगत नुकतीच बसत होती. ती बसली आणि उठली.

घरी येऊन त्यांनी लंडनला पत्र घातलं. बाजू, मिनिट, आवाज. शेवटी लिहिलं: 'तू आधी हात लावलास आणि मग मारलंस.' आणखी काही लिहायचं त्यांच्या मनात होतं. हवाई टपालाच्या निळ्या पत्राच्या घडीवर तेवढी जागाही होती. पण ते सुचेना, तेव्हा त्यांनी तिथं सही जरा मोठी केली.

उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये रुपरावच आला, आठ वर्षांनी, महिन्याच्या रजेवर. अंगानं भरला होता, केस कानांवर आले होते. बापाच्या पाया पडला, आईला मिठी मारली, आणि तिनं केलेलं भरीत खाऊन दोन दिवस झोपला. बापलेक एकमेकांशी पाण्याच्या टाकीबद्दल आणि पासपोर्टच्या फोटोबद्दल बोलले. रेकॉर्डचा विषय कोणी काढला नाही. तो तिसऱ्या दिवशी भैयाजीनं काढला.

"रुपराव, चाल गा दुकानात. सारे वाट पाहून राहिले."

दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. शोभाताई त्यांच्या बाकावर, दोन्ही पक्ष दोन बाजूंना. रुख्मिणीबाईही आल्या होत्या. भैयाजीनं दुसरी बाजू लावली. अकरावं मिनिट आलं, आणि ट... टंग झालं. सगळे रुपरावकडे पाहू लागले.

"हे मी नाही," रुपराव म्हणाला.

नत्थूजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी पहिल्या बाजूले आहो. शेवटी. त्या मोठ्या झांजा. त्या माणसानं मले बोट दाखवलं आन मी आपटल्या. मले चांगलं याद आहे, बाबा."

झांजांच्या पक्षात कुजबूज झाली. विजय मिळाला तरी तो नत्थूजींच्या तोंडासमोर कसा साजरा करायचा हे त्यांना कळेना. पण नत्थूजी शांतपणे म्हणाले, "झांजांमंदी तू नाहीस."

"बाबा, मी तेथी होतो."

"तू होता. पण ऐकलं मी. चारशे बार ऐकलं. त्या झांजा मारणाऱ्या माणसाचा हात साफ आहे. तो तुहा हात नाही."

"माहाच हात माहा नाही म्हणता?"

पक्ष विरघळले. गल्ली एकमुखानं रुपरावला समजावू लागली की, बाबा रे, तू एकदाच वाजवलं आणि निघून गेला, आम्ही सव्वा वर्ष ऐकतोय. तुझ्यापेक्षा आम्हाला जास्त ठाऊक. रुपराव घामाघूम झाला. शेवटी शोभाताईंनी तोडगा काढला. परीक्षा घ्यायची. दुकानाच्या आतल्या दारावर पडदा, पडद्याआड एक पितळी परात टांगलेली आणि एक लाटणं. पाच माणसं आत जातील, एकेक टोला देतील. नत्थूजींनी बाहेरून ओळखायचं.

पहिला टोला पडला. "भैयाजी," नत्थूजी म्हणाले. बरोबर. दुसरा. "हे बाई आहेत, मोजून मारतात." शोभाताई बाहेर आल्या. तिसऱ्या वेळी लाटणं परातीला हळूच टेकलं आणि मग टोल पडला. "रुप्या," नत्थूजी म्हणाले, आणि रुपराव पडद्यातून डोकावला. त्याचा चेहरा उतरला होता. "पुन्हा घ्या," तो म्हणाला, "यावेळी मी तसं करत नाही." पुन्हा क्रम बदलून टोले पडले. पुन्हा एकदा टेकलं आणि वाजलं, आणि पुन्हा तोच निघाला. चार वेळा झालं. चारही वेळा त्यानं न टेकवायचं ठरवलं होतं आणि चारही वेळा ते टेकलं.

पाचव्या वेळी ट... टंग झालं आणि नत्थूजी म्हणाले, "रुप्या."

पडदा सरला आणि रुख्मिणीबाई बाहेर आल्या, हातात लाटणं; या वेळी त्या मागून गुपचूप आत गेल्या होत्या.

नत्थूजी बायकोकडे पाहतच राहिले. बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईला काही ठोकताना त्यांनी कान देऊन कधी ऐकलं नव्हतं.

"तू आधी हात काहून लावला वं?"

"मंग? तवा म्हना, गंज म्हना, आधी लावून पाह्या लागते, तापला का नाही ते. तुमी थोडेच चुलीजवळ येता." त्यांनी लाटणं भैयाजीकडे दिलं. "हा लहान होता तवा माह्या मांडीवर बसूनच सारं पाहे."

यावर बराच वेळ चर्चा झाली. भैयाजीनं शंका काढली की, असं असेल तर रेकॉर्डमध्ये वहिनीही असू शकतात. शोभाताईंनी ती विचारात घेतली आणि फेटाळली: रुख्मिणीबाई रामटेकच्या पलीकडे गेलेल्या नाहीत, आणि असा हात दोघांचाच असताना लंडनला गेलेला एकच आहे. तेव्हा दुसऱ्या बाजूला रुपरावच. हे सगळ्यांना पटलं.

रुपरावला मात्र आता दुसरंच आठवत होतं. तो बाकाच्या टोकाला बसून सावकाश बोलू लागला. त्या दिवशी सगळं सामान लावून झाल्यावर, लोक यायच्या आधी, मोठी घंटा नीट टांगली आहे का हे पाहायला त्यानं तिला एक टोल दिला होता. वरच्या काचेच्या खोलीत कोणी बसलंय हे त्याला माहीत नव्हतं. त्यांची रेकॉर्डिंगची यंत्रं चालू असणार. तो टोल त्यांनी ठेवला, आणि झांजा वाजवणारा तापातून बरा होऊन आल्यावर झांजा पुन्हा त्याच्याकडून वाजवून घेतल्या असणार.

"म्हणजे मले उभं केलं, बोट दाखवलं, ते सारं काढून टाकलं त्यायनं," तो म्हणाला. "मी दुकानातल्या साऱ्या गोऱ्यायले सांगितलं होतं, झांजा माह्या आहेत म्हणून."

नत्थूजी उठून त्याच्या शेजारी येऊन बसले. त्यांना टाकीबद्दल बोलावंसं वाटत होतं, पण ते बोलले ते असं: "दोष आहे तुह्या हातात. तो काही गेला नाही."

"हो."

"माह्यापाशी बत्तीस वर्षांत कितीक हात आले. साफ हाताचा माणूस मले एक बी याद नाही."

रुपरावनं बापाच्या मांडीवरची टोपी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि परत दिली.

उरलेल्या दिवसांत गल्लीनं त्याच्याकडून त्या रेकॉर्डवाल्या माणसाची हकिकत काढून घेतली. तो एक बारीक, चष्म्याचा गृहस्थ होता. चार वर्षं खपून त्यानं ते पासष्ट माणसांचं लिहिलं. तबकड्या तीनशेच निघाल्या, त्यातल्या निम्म्या गोदामात ओल्या झाल्या. कोणी ऐकली नाही. आता तो कुठल्याशा गावात मुलांना पोहायला शिकवतो. हे ऐकून बाकावरची मंडळी गंभीर झाली. ज्या माणसानं आपल्याला सव्वा वर्ष दिलं, तो पोहायला शिकवतोय हे काही बरं वाटेना.

रुपराव निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात सगळे त्या माणसाला पत्र लिहायला बसले. इंग्रजी शोभाताईंचं, अक्षर नत्थूजींचं. महोदय, आम्ही आपली रेकॉर्ड सुमारे चारशे वेळा ऐकली आहे. ती आमच्या शहरातल्या एकशेबारा लग्नांत वाजली असून प्रत्येक ठिकाणी तिचा उपयोग झाला. काय उपयोग झाला ते लिहावं की नाही यावर वाद झाला. भैयाजीचं म्हणणं, लिहावं, माणसाला बरं वाटेल. शोभाताई म्हणाल्या, मुळीच नाही. रुख्मिणीबाईंनी विचारलं, त्यांचं लग्न झालंय का. रुपरावला माहीत नव्हतं. मग नत्थूजींनी दौत पुढं ओढली आणि 'ती आम्हाला फार आवडते' एवढं लिहून पत्र सह्यांसाठी फिरवलं. एकेचाळीस सह्या झाल्या, तीन अंगठे. जागा संपली तेव्हा उरलेल्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला केल्या.